जतन झाले, म्हणजे नेमके काय झाले?

गेली दोन वर्षे नांदेडला माझ्या घरी दोन प्रकारची माणसे येतात. पहिल्या प्रकारची माणसे मोबाइलमध्ये जुन्या मोडी कागदाचा फोटो घेऊन येतात. सप्टेंबर २०२३मध्ये राज्य सरकारने निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली आणि मराठवाड्यातल्या निजामकालीन दफ्तरात कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला, तेव्हापासून ही ये-जा वाढली. मोडी मी कुठल्या वर्गात शिकलो नाही. जुने कागद समोर ठेवून चुकतमाकत शिकलो. तरी "काका, एवढी ओळ तेवढी वाचून द्या" म्हणत माणूस समोर बसला, की भिंग काढावेच लागते.

दुसऱ्या प्रकारची माणसे पिशवीतून सीडी काढतात, फ्लॉपी काढतात, कधी रुमालात गुंडाळलेली हार्ड डिस्क. वडिलांच्या कवितांचा न छापलेला संग्रह, एखाद्या संस्थेच्या रौप्यमहोत्सवी स्मरणिकेचा मजकूर, आजोबांनी सांगितलेल्या हैदराबाद मुक्तिसंग्रामाच्या आठवणी. १९९०च्या दशकात मी वजिराबादेत डीटीपीचे काम करत होतो, हे त्यांना कुणीतरी सांगितलेले असते.

पहिल्या प्रकारच्या माणसाला मी सहसा काहीतरी देऊ शकतो. कागद पिवळा पडलेला असतो, कडा कसरीने खाल्लेल्या असतात, शाई पसरलेली असते. तरी दहातली सात अक्षरे लागतात आणि उरलेली तीन संदर्भाने बसवता येतात. दुसऱ्या प्रकारच्या माणसाला मात्र "होत नाही हो" म्हणून परत पाठवण्याची वेळ वारंवार येते. शंभर वर्षांपूर्वीचा कागद बोलतो आणि वीस वर्षांपूर्वीची तबकडी बोलत नाही, हे सुरुवातीला गमतीचे वाटले. मग खुपू लागले.

त्या खुपण्यातून जे वाचन झाले, त्याचा हा लेख आहे. संगणकशास्त्राची पदवी माझ्याकडे नाही. पण "डिजिटल जतन" या नावाने आपल्याकडे जे चालते, त्यात डिजिटल पुष्कळ असते आणि जतन फार थोडे, एवढे मी पुराव्याने सांगू शकतो. पहिला पुरावा माझ्याच चुकीचा आहे.

माझ्याच पेटीतला पुरावा

३० सप्टेंबर १९९३च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला. लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यांतली गावे झोपेत असताना कोसळली. पुढे जागतिक बँकेच्या साहाय्याने पुनर्वसनाचा कार्यक्रम झाला आणि ५२ गावे जुन्या जागेवरून उठवून नव्या जागी वसवण्यात आली. १९९६-९७ साली लातूरचा एक मित्र आणि मी टेपरेकॉर्डर घेऊन त्यांतल्या काही गावांत फिरलो. भूकंपाच्या रात्रीबद्दल आम्ही विचारत नव्हतो. ते वर्तमानपत्रांनी पुष्कळ विचारले होते. आम्ही जुन्या गावाबद्दल विचारायचो. कुठल्या गल्लीला काय म्हणत, कुठल्या आडाच्या पाण्यात डाळ शिजायची, शिवारातल्या कुठल्या तुकड्याचे नाव काय आणि ते का पडले. गावाचा नकाशा सरकारकडे होता. ही नावे मात्र माणसांच्या तोंडीच होती, आणि गावच हलल्यावर ती घेण्याचे कारण उरले नव्हते.

२००४ साली आम्ही त्या कॅसेटींचे एमपी३ करून सीड्यांवर घातले. "आता काळजी नाही," असे मीच म्हणालो होतो. सीड्यांवर मार्करने गावांची नावे लिहिली, काहींवर कागदी लेबले चिकटवली आणि गंजगोलाईजवळच्या मित्राच्या घरी पत्र्याच्या पेटीत त्या ठेवून दिल्या. मूळ कॅसेटी कुणीकुणी नेल्या. काहींवर नंतर भजने भरली गेली. मी कुणाला अडवले नाही.

गेल्या वर्षी त्यांतल्या एका गावचा, पुण्यात नोकरी करणारा पस्तिशीतला मुलगा पत्ता काढत आला. आजीचा आवाज आमच्याकडे आहे, असे त्याला घरी कळले होते. आम्ही लातूरला जाऊन पेटी उघडली. त्या गावची सीडी दिसायला स्वच्छ होती. ड्राइव्हमध्ये ती फिरत राहिली, थांबली, पुन्हा फिरली. फाइलींची नावे पडद्यावर आली. आजीचे नाव, पुढे "भाग १". फाइल उघडेना. दुसरा ड्राइव्ह आणला, तिसरा आणला. काही सीड्या चालल्या, काही अर्ध्यावर अडल्या. ही चाललीच नाही. मुलगा "असू द्या काका" म्हणाला आणि चहा घेऊन गेला.

त्यानंतर आक्काच्या घरी माळ्यावर आमच्या दोन मूळ कॅसेटी सापडल्या. चालणारा टेपरेकॉर्डर मिळवायलाच आठ दिवस लागले. आवाज वरखाली होत होता, खरखर होती, पण शब्द कळत होते. त्या दोन कॅसेटींत ती आजी नव्हती.

सीडी म्हातारी होत नाही, एकदम जाते

असे का झाले, हे मला तेव्हा ठाऊक नव्हते. ते ठाऊक असायला हवे होते.

कारखान्यात छापलेल्या सीडीत माहिती प्लास्टिकवर खड्ड्यांच्या रूपाने दाबलेली असते. आपण घरी किंवा कार्यालयात "राइट" करतो त्या सीडीत खड्डे नसतात. तिच्यात सेंद्रिय रंगाचा पातळ थर असतो. लेसरच्या उष्णतेने तो जागोजागी बदलतो आणि तीच माहिती. हा रंग ऊन, उष्णता आणि दमटपणाने हळूहळू उतरतो. वरचा चकाकणारा धातूचा थर तर लेबलच्या बाजूला लाखेच्या पातळशा लेपाखाली असतो. म्हणजे आपण जपतो ती खालची बाजू त्यातल्या त्यात दणकट, आणि जिच्यावर बिनधास्त लिहितो, चिकटवतो, ती वरची बाजू नाजूक. मार्करचे द्रावण आणि लेबलचा गोंद यांनी तिथे काय होऊ शकते, याचा इशारा अमेरिकेच्या राष्ट्रीय मानक संस्थेने २००३ सालच्या मार्गदर्शिकेत दिलेला आहे. दीर्घकाळ ठेवायच्या सीडी-डीव्हीडीसाठी ४ ते २० अंश तापमान आणि २० ते ५० टक्के आर्द्रता असावी, असेही तीच सांगते. लातूरच्या मे महिन्यात पारा चाळिशीपार जातो. पत्र्याच्या पेटीत किती होत असेल, याचा हिशेब मी करत नाही.

आणखी एक गोष्ट महत्त्वाची आहे. कॅसेट झिजते तशी ऐकू येते. खरखर वाढते आणि आपल्याला सूचना मिळते. सीडीत चूक दुरुस्त करणारी गणिती योजना असते. थर उतरू लागला तरी ती योजना गळती भरून काढते आणि आवाज पहिल्याइतकाच स्वच्छ येतो. गळती तिच्या आवाक्याबाहेर गेली, की फाइल एकदम बंद पडते. म्हणजे "परवापर्यंत तर चालत होती" हे वाक्य खरे असते, आणि निरुपयोगीही.

आता सीडी कुणी वापरत नाही, सगळे पेन ड्राइव्हवर असते, असे म्हणणाऱ्यांसाठी एक आकडा. पेन ड्राइव्ह आणि एसएसडी यांत माहिती विद्युतभाराच्या रूपात साठते आणि तो भार झिरपतो. एसएसडीच्या आंतरराष्ट्रीय उद्योगमानकाची अपेक्षा अशी आहे, की घरगुती वापराच्या एसएसडीने लिहिण्याची ठरलेली मर्यादा पुरी केल्यावर, वीज न देता ३० अंशांत ठेवल्यास, माहिती एक वर्ष टिकवावी. नवी, कमी वापरलेली वस्तू याहून पुष्कळ जास्त टिकते. पण ती कपाटात ठेवून विसरण्यासाठी बनवलेली नाही, हे यावरून कळते. हार्ड डिस्कमध्ये तर फिरणारे भाग असतात. न फिरवता ठेवलेली डिस्क दहा वर्षांनी फिरेलच, असे कुणी लिहून देत नाही.

वस्तू टिकली, यंत्र गेले

समजा तबकडी टिकली. हजार वर्षे टिकण्याचा दावा करणाऱ्या एम-डिस्क नावाच्या तबकड्या बाजारात आल्याच आहेत. पण ती वाचणारा ड्राइव्ह हजार वर्षे कोण बनवणार? आजच नव्या लॅपटॉपला सीडीचे तोंड नसते. सोनीने २०११मध्ये फ्लॉपीची विक्री थांबवली. माझ्या कपाटात १.४४ एमबीच्या फ्लॉपींचे दोन डबे आहेत आणि त्या वाचायला मी जुन्या बाजारातून घेतलेला एकच ड्राइव्ह आहे. तो गेला, की डबे गेले.

या बाबतीत इंग्लंडमधले उदाहरण प्रसिद्ध आहे. १०८६ साली तिथल्या राजाने जमीनमालकीची पाहणी करून घेतली. तिला डूम्सडे बुक म्हणतात. १९८६मध्ये तिला ९०० वर्षे झाली, तेव्हा बीबीसीने नवे डूम्सडे तयार केले. शाळकरी मुलांसह दहा लाखांवर लोकांनी आपापल्या गावाची माहिती, छायाचित्रे दिली. हे सारे दोन लेसर डिस्कवर घातले, आणि त्या वाचायला खास संगणक व खास प्लेअर. पंधरा-सोळा वर्षांत ते यंत्र दुर्मीळ झाले. २००२च्या सुमारास लीड्स आणि मिशिगन विद्यापीठांच्या संशोधकांनी जुन्या संगणकाची नक्कल करणारी प्रणाली लिहिली, तेव्हा कुठे ती माहिती पुन्हा दिसली. १०८६चे चामड्यावर लिहिलेले पुस्तक तोवर लंडनच्या अभिलेखागारात वाचता येत होतेच.

हे उदाहरण कागदाच्या कौतुकासाठी सांगितले जाते. मला त्यात दुसरे दिसते. माणसे आणि पैसा असलेल्या विद्यापीठांनी वेळेवर हात घातला म्हणून ते वाचले. आमच्या पेटीसाठी कुठले विद्यापीठ येणार नव्हते. पेटी वेळेवर उघडणे एवढे मात्र आमच्या हातात होते.

किल्ली

तबकडी टिकली, यंत्रही मिळाले, तरी तिसरा अडसर असतो. मराठीत तो सर्वांत मोठा आहे, आणि त्यावर सर्वांत कमी बोलले जाते.

मुलाखतींतली नावे मी १९९८ साली टाइप करून फ्लॉपीवर ठेवली होती. ती फाइल आजही उघडते. उघडल्यावर दिसतात ती रोमन अक्षरे, टिंबे, चलनांची चिन्हे. माझ्या पिढीतल्या प्रत्येक डीटीपीवाल्याला हे दृश्य ठाऊक आहे. तेव्हा विंडोजमध्ये देवनागरीची सोय नव्हती. श्रीलिपी, आकृती, सी-डॅकचे आयएसएम अशा प्रणालींनी आपापला मार्ग काढला आणि त्यांच्यामुळेच मराठी छपाई वेगाने बदलली. त्यांचे ऋण मोठे आहे. पण त्यांचे फॉन्ट रोमन अक्षरांच्या घरांत मराठी अक्षरांची चित्रे बसवत, आणि कुठल्या घरात कोणते अक्षर, हे प्रत्येकाचे वेगळे. भारतीय लिप्यांसाठी इस्की हे राष्ट्रीय मानक १९९१मध्ये पक्के झाले होते, युनिकोडमध्येही देवनागरी त्याच वर्षी आली. पण दुकानातल्या विंडोजवर देवनागरी युनिकोड आले ते विंडोज २०००पासून, आणि छापखान्यांत रुळायला त्यानंतरही बरीच वर्षे गेली. त्यातच पुष्कळ मजकूर पेजमेकरमध्ये. त्याची शेवटची आवृत्ती २००१ची. पुढे इनडिझाइनच्या काही आवृत्त्या त्या फाइली उघडत. आताच्या उघडत नाहीत.

याचा अर्थ असा, की १९९०च्या सुमारापासून पुढची वीसेक वर्षे मराठीत जे संगणकावर जुळवले गेले, त्याच्या मूळ फाइली आज बिनकिल्लीच्या कुलपासारख्या आहेत. त्यात दिवाळी अंकही आले. काशिनाथ रघुनाथ मित्रांनी १९०९मध्ये काढलेला 'मनोरंजन'चा दिवाळी अंक हाती आला तर कुणीही वाचील. १९९८च्या दिवाळी अंकाची फाइल हाती आली तर फॉन्ट कोणता, हा पहिला प्रश्न. छापील प्रत आहे म्हणून आपण निभावतो. जे छापलेच गेले नाही, त्याचे काय?

फॉन्टचा तक्ता मिळाला तर रूपांतर करता येते. मी ते करतो. पण त्यातही डोळ्यात तेल घालावे लागते. जुन्या फॉन्टमध्ये पहिली वेलांटी अक्षराच्या आधी साठवलेली असते, युनिकोडमध्ये नंतर. ती उचलून मागे न्यावी लागते. रफाराचे याच्या उलट. आणि 'ऱ्य'चे तर हाल होतात. परभाषकांनी केलेली काही रूपांतरके 'ऱ्य' आणि 'र्य' एकच मानतात. त्यांना आचारी आणि आचार्य यांतला फरक कळत नाही. 'आचाऱ्यांना जेवण द्या' हे वाक्य 'आचार्यांना जेवण द्या' होते. माझ्या यादीत एका शिवाराचे नाव 'दऱ्यातलं रान' होते. रूपांतरानंतर ते 'दर्यातलं रान' झाले, आणि लातूर जिल्ह्यात समुद्र निघाला. मी ते पकडले, कारण ते नाव मी स्वतः ऐकले होते. माझ्यानंतर ती यादी वाचणारा कदाचित त्या नावाची व्युत्पत्ती शोधत बसला असता.

आपल्या भागाला ही गोष्ट नवी नाही. नांदेड जिल्ह्यातले माहूर महानुभावांचे मोठे ठिकाण. या पंथाने आपले ग्रंथ सकळ, सुंदरी अशा सांकेतिक लिप्यांत लिहून ठेवले. कित्येक शतके पोथ्या होत्या, त्यांतली भाषा मराठीच होती, आणि तरी पंथाबाहेरच्या वाचकाला त्या मुक्या होत्या. विसाव्या शतकाच्या आरंभी किल्ली अभ्यासकांच्या हाती आली, तेव्हा मराठी वाङ्मयाचा इतिहास नव्याने लिहावा लागला. किल्ली पंथात पिढ्यानपिढ्या जिवंत ठेवली होती, म्हणून ते झाले. आपण पंचवीस वर्षांपूर्वीच्या फॉन्टचा तक्ता जपला आहे का?

नग मोजण्याची सवय

आता मूळ टीकेकडे येतो. तबकडी, यंत्र, किल्ली या तिन्ही गोष्टी जाणकारांना ठाऊक आहेत. पुण्याच्या सी-डॅकमध्ये डिजिटल जतनाचे राष्ट्रीय केंद्र आहे. केंद्राच्या १९९३च्या सार्वजनिक अभिलेख कायद्याने संगणकनिर्मित मजकुरालाही अभिलेख मानले आहे. महाराष्ट्राचा स्वतःचा कायदा २००५चा आहे. डिजिटल संग्रह कसा सांभाळावा याचे आयएसओ मानक २००३पासून आहे. ज्ञान आहे, कायदा आहे. मग अडते कुठे?

माझ्या मते ते मोजण्याच्या पद्धतीत अडते. डिजिटायझेशनच्या कुठल्याही कार्यक्रमाची निमंत्रणपत्रिका किंवा अहवाल पाहा. किती पाने स्कॅन झाली, किती ग्रंथ झाले, खर्च किती, लोकार्पण कुणाच्या हस्ते. स्कॅन झाल्यावर पाचव्या वर्षी किती फाइली उघडून पाहिल्या, किती बिघडलेल्या निघाल्या, किती नव्या माध्यमावर घेतल्या, हे आकडे माझ्या पाहण्यात जवळपास आलेले नाहीत. स्कॅन करण्याला निविदा असते, मुदत असते, देयक असते. नंतरच्या वर्षांच्या तपासणीला यांपैकी काहीच नसते. त्यामुळे काम संपते तिथेच खरे काम सुरू होते आणि तिथेच ते सोडून दिले जाते.

एका वाचनालयात मी हे फार स्पष्ट पाहिले. तिथे जुन्या स्थानिक साप्ताहिकांच्या स्कॅनच्या डीव्हीडी होत्या. वार्षिक तपासणीत त्या दरवर्षी मोजल्या जात आणि नोंदवहीत बरोबर भरत. "डीव्हीडी, इतके नग." ग्रंथपाल प्रामाणिक माणूस, एकही नग हरवू दिला नव्हता. उघडून पाहायला नोंदवहीत रकानाच नव्हता. आम्ही उघडल्या तेव्हा काही चालल्या नाहीत. वहीप्रमाणे त्या आजही आहेत.

याउलट तहसीलच्या अभिलेखागारातला निजामकालीन बस्ता घ्या. शिंदे समितीच्या पहिल्या टप्प्यात मराठवाड्यात पावणेदोन कोटींच्या आसपास कागद पाहिले गेले आणि साडेअकरा हजारांच्या आसपास नोंदी मिळाल्या, असे सरकारने ऑक्टोबर २०२३अखेर सांगितले. त्या नोंदींवरून निघणाऱ्या निष्कर्षांबद्दल मतभेद आहेत आणि तो या लेखाचा विषय नाही. विषय एवढाच, की ज्याने उर्दूत वा मोडीत ती ओळ लिहिली त्या कारकुनाला, ती ओळ शतकानंतर एखाद्या मुलाच्या प्रवेशाला आधार ठरेल, याची कल्पना नव्हती. कुठला कागद कधी लागेल, हे आधी कळत नाही. आता तेच कागद स्कॅन होत आहेत. चांगलेच आहे. पण स्कॅन झाले म्हणून मूळ बस्त्याकडे दुर्लक्ष झाले, आणि स्कॅनकडेही नग म्हणूनच पाहिले, तर पुढच्या शतकातल्या माणसाला आपण कुठलाच कागद दिलेला नसेल. मी कॅसेटींचे हेच केले.

कागदाचे गोडवे नकोत

इथवर वाचून कुणी म्हणेल, मग कागदच बरा. तसे नाही. कागदाचे जे टिकले तेच आपल्याला दिसते. वाळवीने, पुराने, आगीने गेले ते मोजायला कुणी उरत नाही. म्हाइंभटांनी १२७८च्या सुमारास सिद्ध केलेल्या लीळाचरित्राची मूळ प्रत धाडीत गेली असे परंपरा सांगते. पुढे शिष्यांनी आठवणीतून ते पुन्हा जुळवले आणि म्हणून आज त्याच्या प्रतींत पाठभेद आहेत. तरीही ग्रंथ राहिला, कारण पोथ्यांच्या नकला होत राहिल्या आणि त्या एका मठात न राहता विदर्भ-मराठवाड्यापासून पंजाबापर्यंत पोचल्या.

इथे डिजिटल प्रतीचे बळ दिसते. पोथीची नक्कल करताना लेखनिकाची चूक होते. फाइलची नक्कल मुळाइतकीच खरी असते आणि ती करायला काही सेकंद लागतात. नक्कल बरोबर झाली की नाही, हेही तपासता येते. जुन्या पोथीच्या शेवटी ग्रंथसंख्या लिहीत. बत्तीस अक्षरांचा एक ग्रंथ धरून पोथी किती भरते तो आकडा. लेखनिकाची मजुरी त्यावर ठरे आणि पाने गळाली तर तेही कळे. फाइलचा 'चेकसम' हा त्याच घराण्यातला, फक्त फार कडक. एक अक्षर बदलले तरी आकडा बदलतो. दरवर्षी आकडा काढून वहीतल्या आकड्याशी जुळवला, की कोणती फाइल आतून बिघडली ते कळते आणि दुसऱ्या प्रतीवरून ती पुन्हा घेता येते. माझ्या सीड्यांचे असे केले असते, तर २०१०च्या आसपासच मला इशारा मिळाला असता.

दूर ठेवलेल्या दुसऱ्या प्रतीने काय होते, याचे अलीकडचे उदाहरण डिजिटल लायब्ररी ऑफ इंडियाचे. या सरकारी प्रकल्पात देशभरच्या ग्रंथालयांतली लाखो पुस्तके स्कॅन झाली, मराठीही पुष्कळ. पुढे ते संकेतस्थळ बंद झाले. त्यातला मोठा भाग आज आपल्याला वाचता येतो, कारण कार्ल मालमुद यांच्या पब्लिक रिसोर्स या संस्थेने त्याच्या प्रती इंटरनेट आर्काइव्हवर ठेवल्या होत्या. "क्लाउडवर आहे" म्हणणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावे. क्लाउड म्हणजे दुसऱ्याचा संगणक. भाडे थकले, पासवर्ड जाणणारा माणूस गेला, कंपनीने सेवा बंद केली, की तीही प्रत गेली. ती असावी, एकटी नसावी.

खंडेनवमीची वही

मोठ्या संस्थांनी काय करावे, हे सांगण्याचा माझा अधिकार नाही. लहान वाचनालय, शाळा, गावच्या इतिहासाचा अभ्यासक, घरातला जुना संग्रह सांभाळणारा माणूस, यांना जमेल असे सांगतो. आम्ही दोघे मित्र गेल्या वर्षापासून ते करत आहोत.

तीन प्रती ठेवायच्या. दोन वेगळ्या कंपन्यांच्या हार्ड डिस्कवर, एक नांदेडला, एक लातूरला; तिसरी इंटरनेटवर. एक टीबीची डिस्क येते ती एका छोट्या लोकार्पण समारंभाच्या मंडपाहून स्वस्त. आवाज एमपी३शिवाय न दाबलेल्या स्वरूपातही ठेवायचा. मजकूर युनिकोडमध्ये, साध्या फाइलीत. जुन्या फॉन्टमधली मूळ फाइलही टाकायची नाही. तिच्यासोबत फॉन्ट आणि त्याचा तक्ता ठेवायचा. कोण बोलले, कुठे, कधी, कुणी नोंदवले, हे प्रत्येक फोल्डरमध्ये मराठीत लिहायचे. मूळ वस्तू, कागद असो की कॅसेट, ती स्कॅन झाली म्हणून टाकायची नाही.

आणि एक वही. शाईने लिहायची, कागदी. तिच्यात रकाने असे: तारीख, कुणी तपासले, किती फाइली, किती आकडे जुळले नाहीत, त्या कुठून दुरुस्त केल्या, पुढची तारीख. शेवटचा रकाना वारसाचा. सातबारावर वारसनोंद होते, तशी संग्रहालाही हवी. माझ्यानंतर डिस्क कुणाकडे जाईल आणि तिला हे काम जमेल का, हे मी माझ्या पुतणीशी बोलून लिहिले आहे.

तपासणीचा दिवस आम्ही खंडेनवमीचा धरला. त्या दिवशी शेतकरी औत पुजतो, कारागीर हत्यारे पुजतो, आणि आपण कार्यालयातल्या संगणकाला हळदकुंकू लावून झेंडूची माळ घालतो. माळ घालण्याआधी तास-दोन तास तो चालू करून आतले पाहावे, एवढीच भर. यंदा दोन फाइलींचे आकडे जुळले नाहीत. लातूरच्या डिस्कवरून त्या पुन्हा घेतल्या. एरवी मला ते कळलेही नसते.

वाचकांकडे एक मागणे आहे. यापुढे डिजिटल संग्रहाच्या लोकार्पणाचे निमंत्रण आले, तर जरूर जा, टाळ्या वाजवा, आणि चहाच्या वेळी आयोजकांना तीन गोष्टी विचारा. दुसरी प्रत कुठे आहे? पुढची तपासणी कधी आणि कोण करणार? मजकूर कोणत्या संकेतनात आहे? उत्तरे नसतील तर जतन अजून झालेले नाही. फक्त छायाचित्रे काढून झाली आहेत.

त्या मुलाच्या गावी मी यंदा पुन्हा गेलो. जुन्या गावची नावे आठवणारे आता दोघेच भेटले. एकांना ऐकू कमी येते. दोन दिवसांत नऊ नावे मिळाली. त्यांतली चार आजीने तेव्हा सांगितली होती, हे मला आठवते. बाकीची तिने सांगितली होती की नाही, ते आता ताडून पाहता येत नाही. नऊ नावे तिन्ही प्रतींवर चढवली, त्या मुलाला पाठवली आणि वहीत नोंद केली. पुढची तारीख: खंडेनवमी, २०२६.